आठवी ओळ

(सरांच्या स्मरणार्थ दरवर्षी भरणाऱ्या व्याख्यानमालेत नाशिकरोड येथे दिलेल्या व्याख्यानाचा मजकूर)



१९७८ च्या जानेवारीत मी आठवीत होतो. सोळा तारखेला सरकारने एक हजार, पाच हजार आणि दहा हजार रुपयांच्या नोटा रद्द केल्या. दुसऱ्या दिवशी सर वर्गावर आले आणि हजेरी घेण्याआधी त्यांनी विचारलं, "यातली एक तरी नोट कुणी पाहिलीय का?" एकही हात वर गेला नाही. आमच्या घरांत शंभराची नोटसुद्धा पगाराच्या दिवशी यायची आणि दोन दिवसांत मोडायची. मग सरांनी शर्टाच्या खिशातून दोन रुपयांची नोट काढली, पहिल्या बाकावर ठेवली आणि म्हणाले, "पाच हजारांचं राहू द्या. हिच्यावर मराठी कुठे आहे ते शोधा."

नोट बाकावरून बाकावर फिरली. वरचं हिंदी आम्हाला दिसलं, इंग्रजी दिसलं. आकडा दिसला, सिंह दिसले. तास संपत आला तेव्हा खिडकीकडच्या रांगेतल्या एका मुलीने बोट ठेवलं. भाषांच्या उभ्या पट्टीत, मुंगीएवढ्या अक्षरांत, 'दोन रुपये'. सरांनी फळ्यावर काहीच लिहिलं नाही. एवढंच म्हणाले, "रोज हातात असते आणि वाचलेली कुणीच नाही."

त्या काळी त्या पट्टीत तेरा भाषा असत. हिंदी आणि इंग्रजी वेगळ्या जागी मोठ्या अक्षरांत असल्यामुळे पट्टीत येत नाहीत. भाषांचा क्रम त्यांच्या इंग्रजी नावांच्या आद्याक्षरांप्रमाणे लावलेला असतो. असमिया, बंगाली, गुजराती, कन्नड, काश्मिरी, मल्याळम आणि मग मराठी. म्हणजे सातवी. पुढे कोकणी आणि नेपाळी आल्या आणि भाषा पंधरा झाल्या. कोकणी मराठीच्या वर बसली, नेपाळी खाली बसली, त्यामुळे मराठी आठवी झाली. तेरांतली सातवी आणि पंधरांतली आठवी, दोन्ही वेळा बरोबर मधली. हे मी पुढे तीस-पस्तीस वर्षं बँकेत रोखपाल म्हणून नोटा मोजताना कधीतरी मोजलं, आणि तेव्हा सर हयात नव्हते. आज त्यांच्या नावाने बोलायला उभा आहे म्हणून सगळ्यात आधी हे सांगितलं.

मला आज एकच गोष्ट सांगायची आहे. जुन्या नोटा जमवणं म्हणजे नोटा वाचणं. किंमत, दुर्मिळता आणि लिलाव या गोष्टी त्याच्या मागून येतात, आणि नाही आल्या तरी चालतं.

कागदी पैसा आपल्याकडे आला तेव्हा लोकांना कागदाची सवय नव्हती असं अनेकदा म्हटलं जातं. ते खरं नाही. आपल्या व्यापाऱ्यांना हुंडी चांगली ठाऊक होती. एका पेठेत पैसे भरायचे, कागद न्यायचा, दुसऱ्या पेठेत वटवायचा, आणि त्यासाठी हुंडणावळ द्यायची. नवं होतं ते हे, की कागदावर अमुक सावकाराचं नाव नाही, आणणाऱ्याचं नाव नाही, तरी ज्याच्या हातात असेल त्याला पैसे मिळणार. सुरुवातीला या नोटा बँकांच्या होत्या. १८४० साली स्थापन झालेल्या बँक ऑफ बॉम्बेच्या नोटांवर मुंबईचा टाउन हॉल आहे, माउंटस्टुअर्ट एल्फिन्स्टन आणि जॉन माल्कम आहेत. टाउन हॉल म्हणजे आज एशियाटिकच्या पायऱ्या म्हणून आपण ज्यांवर बसतो तीच इमारत. ती नोट मी प्रत्यक्षात काचेआडच पाहिली आहे. पायऱ्यांची एकेक रेघ वेगळी मोजता येते.

१८६१ च्या कायद्याने नोटा काढण्याचा हक्क सरकारने आपल्याकडे घेतला. पहिल्या सरकारी नोटांवर व्हिक्टोरिया राणीचं लहानसं चित्र होतं. कागद हाताने गाळलेला, इंग्लंडहून येणारा. छपाई एकाच बाजूला, मागची बाजू कोरी. बनावट नोटा इतक्या निघू लागल्या की १८६७ मध्ये ती मालिका मागे घेऊन दुसरी आणावी लागली. त्यानंतरच्या नोटांवर आधी चार भाषा आल्या आणि पुढे आठ झाल्या. चार भाषांच्या नोटांवर कुठल्या चार, हे नोट कुठल्या चलनमंडलातून निघाली त्यावर ठरत असे.

हे चलनमंडल काय होतं ते नीट समजून घ्या, कारण पुढची गोष्ट त्यावर उभी आहे. मुंबईची नोट मुंबई मंडलातच हक्काने वटायची. तीच नोट घेऊन तुम्ही कलकत्त्याला गेलात तर तिथल्या सरकारी कचेरीवर तुमचा हक्क नसे. बाजारात कुणी घेतली तर बट्टा कापून घेई. म्हणजे रुपयांचा कागद रेल्वेच्या प्रवासात थोडा थोडा झिजायचा. १९०३ ते १९११ या काळात पाच, दहा, पन्नास आणि शंभराच्या नोटा एकेक करून साऱ्या देशभर चालू लागल्या आणि हा बट्टा संपला.

दूर पैसे पाठवायचे तर टपालाने. आणि टपाल वाटेत लुटलं जाई. यावर व्यापाऱ्यांनी जो उपाय काढला तो मला त्या काळातल्या कुठल्याही कायद्यापेक्षा हुशार वाटतो. नोट मधोमध कापायची. एक अर्धी पाकिटात घालून पाठवायची. ती पोचल्याचं उत्तर आलं की मगच दुसरी अर्धी पाठवायची. पलीकडचा माणूस दोन्ही अर्ध्या चिकटवून, क्रमांक ताडून, नोट वटवणार. चोराच्या हाती लागलीच तर अर्धीच लागणार, आणि अर्धीला कुणी विचारत नाही. अशा जोडलेल्या नोटा आज संग्राहकांकडे आहेत. मधून जाणारी जोडाची रेघ, मागे चिकटवलेली कागदाची पट्टी. बाजारात त्यांना धड नोटेपेक्षा कमी भाव मिळतो. मला विचाराल तर पैसा टपालातून चालत गेल्याचा एवढा स्पष्ट पुरावा दुसरा नाही.

सरांच्या बिस्किटांच्या पत्र्याच्या डब्यात अशी एक अर्धी नोट होती. तिच्याकडे मी शेवटी येईन.

त्याच डब्यात एक रुपयाची १९१७ सालची नोटही होती. पहिल्या महायुद्धात चांदीची टंचाई झाली. नाणी पाडायला चांदी पुरेना, आणि लोक तर बंदा रुपया घट्ट धरून बसले. तेव्हा ३० नोव्हेंबर १९१७ ला सरकारने एक रुपयाची नोट काढली. त्यांनी तिच्यावर काय छापलं, तर पाचव्या जॉर्जचा रुपया. नाण्याचंच चित्र. लोकांना कागदावर विश्वास बसावा म्हणून कागदावर नाणं काढायचं! या नोटा पंचवीस-पंचवीसच्या पुस्तिकेत येत, चेकबुकासारख्या फाडायच्या. त्यामुळे बहुतेक नोटांची एक कड थोडी खरखरीत असते. सरांच्या नोटेचीही होती. क्रमांकाच्या आधी 'बी' हे अक्षर म्हणजे मुंबई मंडल. त्याच सुमाराला दोन रुपये आठ आण्यांची नोटही निघाली. अडीच रुपयांची नोट! अडीच या शब्दाला आपल्याकडे एवढं वजन आहे की ती नोट मराठी माणसाला चटकन आपली वाटते. दोन्ही नोटा १९२६ मध्ये बंद झाल्या.

लंडनमध्ये छापलेल्या नोटा बोटीने इकडे यायच्या. लंडनहून मुंबईला निघालेली 'शिराला' ही बोट २ जुलै १९१८ रोजी जर्मन पाणबुडीने बुडवली. तिच्यावर पाच आणि दहा रुपयांच्या सह्या न झालेल्या नोटांचे गठ्ठे होते. त्यातले काही किनाऱ्याला लागले. बहुतेक गोळा करून नष्ट केले गेले, पण काही नोटा लोकांच्या हाती राहिल्या. त्यातल्या दहा रुपयांच्या दोन नोटांचा २०२४ मध्ये लंडनला लिलाव झाला. नोटांवरची तारीख २५ मे १९१८. मुंबईत कुणाच्या तरी गल्ल्यात पडायच्या म्हणून निघालेल्या त्या नोटा शंभर वर्षांनी लंडनलाच विकल्या गेल्या.

आता आपल्या गावाकडे येऊ. इथे बसलेल्या निम्म्या मंडळींच्या घरातलं कुणी ना कुणी 'प्रेसमध्ये' होतं. आपल्याकडे प्रेस म्हटलं की छापखाना असं कुणाला सांगावं लागत नाही. करन्सी नोट प्रेस १९२८ साली इथे सुरू झाली. त्याआधी हिंदुस्थानच्या नोटा बँक ऑफ इंग्लंड छापत असे. १९३२ पर्यंत देशाच्या सगळ्या रकमांच्या नोटा नाशिकला छापल्या जाऊ लागल्या. आज देवास, म्हैसूर, सालबोनी इथेही नोटा छापतात, पण चार दशकं एकट्या नाशिकने हा भार वाहिला आहे. पुतळे उभारले जातात, रस्त्यांना नावं दिली जातात, पण या गावाच्या हातातून गेलेल्या कामाची आपण स्वतः किती कमी दखल घेतली आहे, याचा मला खेद वाटतो.

खिशात शंभराची नोट असेल त्यांनी ती आता बाहेर काढावी. डोळे मिटून अंगठ्याचा मऊ भाग गांधीजींच्या चित्रावरून हलकेच फिरवा. शाईचा उठाव बोटाला जाणवतो. हा उठाव कसा येतो? पोलादी पाट्यावर चित्र उलटं कोरतात. सावली रेघांनीच दाखवायची असते. जिथे गडद हवं तिथे रेघ खोल आणि जवळजवळ, जिथे उजळ हवं तिथे उथळ आणि विरळ. कोरलेल्या रेघांत शाई भरतात, पृष्ठभाग स्वच्छ पुसतात, आणि कागद इतक्या जबर दाबाने त्यावर दाबतात की तो रेघेत उतरतो आणि शाई उचलून वर येतो. म्हणून नोटेवर शाई बसलेली नसते, उभी असते. फोटोवरून छापलेल्या बनावट नोटेत ठिपके दिसतात. खऱ्या नोटेत रेघा दिसतात. मी काउंटरवर बसायचो तेव्हा नोट आधी बोटाला कळायची आणि मग डोळ्यांना.

कागदही साधा नाही. लाकडाचा लगदा नसतो त्यात, कापूस असतो. म्हणून धुण्यात गेलेली नोट वर्तमानपत्रासारखी विरघळत नाही. नवी नोट झटकली की 'कर्र' आवाज येतो आणि म्हणूनच आपण तिला करकरीत म्हणतो. हा कापूस आणि त्यावरचा लेप यांचा आवाज आहे.

नाशिकच्या छपाईची एक हकीकत मला फार जवळची वाटते. फाळणी झाली तेव्हा पाकिस्तानकडे नोटा छापायची सोय नव्हती. ठरलं असं, की काही काळ रिझर्व्ह बँकच दोन्ही देशांचं चलन सांभाळेल. तेव्हा सहाव्या जॉर्जच्या आपल्याच नोटांवर इंग्रजीत 'गव्हर्नमेंट ऑफ पाकिस्तान' आणि उर्दूत 'हुकूमत-ए-पाकिस्तान' अशी अक्षरं छापून नाशिकहून नोटा तिकडे गेल्या. १ एप्रिल १९४८ पासून त्या चालू लागल्या. देशात काय चाललं होतं ते तुम्ही जाणता, आणि त्याच महिन्यांत इथले कामगार शेजारच्या नव्या देशाच्या नोटा सुकवत, मोजत, बांधत होते. त्यातल्या रिझर्व्ह बँकेच्या नोटांवर सही आहे सी. डी. देशमुखांची. रायगडच्या पायथ्याशी महाडजवळच्या नाते गावात जन्मलेले चिंतामणराव १९४३ ते १९४९ या काळात रिझर्व्ह बँकेचे गव्हर्नर होते, त्या खुर्चीवर बसलेले पहिले भारतीय. पाकिस्तानच्या पहिल्या नोटा म्हणजे कोकणातल्या माणसाची सही आणि नाशिकची छपाई. हे मी पहिल्यांदा वाचलं तेव्हा त्या रात्री मला झोप आली नाही.

सह्यांबद्दल दोन शब्द जास्त बोलतो, कारण रोखपालाची नजर आधी सहीवर जाते. १९५७ मध्ये के. जी. आंबेगावकर दीड महिना गव्हर्नर होते. त्यांच्या सहीची रिझर्व्ह बँकेची एकही नोट नाही. पण ते त्याआधी अर्थखात्यात होते तेव्हाच्या एक रुपयाच्या नोटांवर त्यांची सही आहे. कारण एक रुपयाची नोट रिझर्व्ह बँकेची नसते, सरकारची असते, आणि १९४० पासून कायद्याने ती नाणं मानली जाते. तिच्यावर 'अदा करण्याचं वचन' नसतं. नाणं स्वतःच पैसा आहे, वचन कशाचं देणार? उलट भास्कर नामदेव आडारकर १९७० मध्ये ४ मे ते १५ जून एवढेच दिवस गव्हर्नर होते, आणि त्यांची सही गांधी जन्मशताब्दीच्या नोटांवर कायमची राहिली.

त्या शताब्दीच्या नोटा १९६९ च्या. दोन, पाच, दहा आणि शंभराच्या नोटेवर बसलेले गांधीजी आणि मागे सेवाग्रामचा आश्रम. वर्ध्याची ती कुडाची, कौलारू घरं. स्वातंत्र्यानंतर लगेचच राजाच्या जागी गांधीजी असावेत म्हणून चित्रं तयार झाली होती, पण शेवटी सारनाथच्या सिंहांवर एकमत झालं. तेव्हा राहिलेलं काम बावीस वर्षांनी झालं. आज नोटेवर जे गांधीजी आहेत ते हसरे आहेत, सुंदर आहेत, पण ते कुठेही असू शकतात. १९६९ चे गांधीजी एका जागी बसले आहेत. मला ती नोट जास्त आवडते.

आपल्या नोटांच्या चित्रांबद्दल माझं मत स्पष्ट आहे. जिथे माणसं काम करताना दिसतात तिथे आपल्या नोटा सर्वांत चांगल्या आहेत. पाच रुपयांवरचा ट्रॅक्टर चालवणारा शेतकरी. दहाच्या जुन्या नोटेवरचं शिडाचं गलबत. एक रुपयाच्या पाठीवर असलेलं 'सागर सम्राट' हे तेलविहिरी खोदणारं जहाज. याच जहाजाने १९७४ मध्ये मुंबईच्या समुद्रात बॉम्बे हायला तेल शोधून काढलं. सर्वांत लहान नोटेवर एवढा मोठा पराक्रम. पुष्कळांनी ती नोट आयुष्यभर वापरली आणि ते जहाज आहे की पूल, हे त्यांना माहीत नव्हतं. रद्द झालेल्या पाच हजारांच्या नोटेवर गेटवे ऑफ इंडिया होता. मुंबईकराच्या घरापासून तासाभरावर असलेली इमारत, आणि ती नोट बहुतेक मुंबईकरांनी कधी हातात धरली नाही. सरांचा प्रश्न तोच होता.

नव्या मालिकेतल्या वीस रुपयांच्या नोटेवर वेरूळ आहे. हिरवट पिवळ्या रंगात. डोंगर वरून खाली कोरत गेलेल्या माणसांचं काम कागदावर आणलं आहे, आणि भाजीवाल्याकडून परत मिळालेल्या वीस रुपयांत ते आपल्या हाती येतं. पुढची बाजू मला गर्दीची वाटते. आकडे, पट्ट्या आणि भौमितिक नक्षी इतकी आहे की डोळा टेकत नाही. पण मागची बाजू उलटी करून भिंगाखाली धरा.

कधी एखादी चूक किंवा राहून गेलेली गोष्ट नोटेला ओळख देते. १९७५ च्या पन्नास रुपयांच्या पहिल्या नोटांवर संसद भवन आहे, पण ध्वजस्तंभावर झेंडा नाही. नंतरच्या नोटांवर झेंडा आला. संग्राहक आजही 'बिनझेंड्याची पन्नास' असंच म्हणतात.

मराठी माणसाने दोन शेजारच्या नोटाही पाहाव्यात. निजामाच्या हैदराबाद संस्थानाने १९१८ च्या कायद्याने स्वतःच्या नोटा काढल्या. त्यांवर उर्दूबरोबर मराठी, तेलुगू, कन्नड आणि इंग्रजीतही रक्कम आहे. मराठवाड्यातल्या आजोबांच्या हातात मराठी असलेली नोट होती ती ही. नाशिकची प्रेस सुरू झाल्यावर त्याही नोटा इथेच छापल्या जाऊ लागल्या. गोव्यात १९०६ पासून बांको नासिओनाल उल्त्रामारिनो नोटा काढू लागली. रुपिया, तांगा आणि १९५९ पासून एस्कुदो. त्यांवर गलबतं आहेत, पडक्या वास्तू आहेत, वाघ आणि हत्ती आहेत, आणि एस्कुदोच्या नोटांवर आफोन्सो द आल्बुकेर्क. दक्षिणेला गोव्यात गेलं की पैशाचं चित्र असं बदलायचं.

आता बाजाराबद्दल. संग्राहकांत 'यूएनसी' हा शब्द फार चालतो. म्हणजे कधीच न वापरलेली, बिनघडीची, कोरी नोट. तिला भाव जास्त. तिला जपायला मीही शिकवतो, कारण कोऱ्या नोटेवर कोरीव काम जसं उतरलं तसं दिसतं. पण कोरेपणालाच पूजणाऱ्यांनी एक लक्षात ठेवावं. २००१ मध्ये रिझर्व्ह बँकेने बंदी घालेपर्यंत आपल्याकडे नोटांच्या गड्ड्यांना पिना मारत. बँकेतून आलेली नवीकोरी गड्डी सोडवताना पिना उपटाव्या लागत, आणि त्यात बोटं रक्तबंबाळ व्हायची. त्यामुळे आपल्या जुन्या कोऱ्या नोटांनाही कडेला दोन-चार भोकं असतात. परदेशी संग्राहक त्याला दोष म्हणतात. ते आपल्या हाताळणीचं चिन्ह आहे. ७८६ क्रमांकाची नोट लाखो रुपयांना जाते अशा जाहिरातींना भुलून पैसे भरू नका. रिझर्व्ह बँकेने स्वतः लोकांना याबाबत सावध केलं आहे.

माझ्या हातून झालेली एक चूक सांगतो, म्हणजे तुमच्या हातून होणार नाही. विशीत असताना सरांनी मला सहाव्या जॉर्जची दहा रुपयांची नोट भेट दिली. युद्धाच्या काळातली. जपान्यांनी आधीच्या दहाच्या नोटेची इतकी हुबेहूब नक्कल केली होती की सरकारने जलचिन्हातला राजाचा बाजूचा चेहरा बदलून समोरचा घातला आणि या देशात प्रथमच नोटेत सुरक्षा धागा ओवला. ती ही नोट. तिच्यावर चार घड्या होत्या. मी तिच्यावर ओला रुमाल ठेवला आणि इस्त्री फिरवली. घड्या गेल्या. उठावही गेला. राजाचा चेहरा सपाट झाला आणि कागद चमकू लागला. सरांना दाखवली तेव्हा ते बराच वेळ बोलले नाहीत. मग म्हणाले, "घड्या या नोटेच्या होत्या. त्या काढायला तुला कुणी सांगितलं?"

नोट धुऊ नका, इस्त्री करू नका, लॅमिनेशन तर कधीच करू नका. चिकटपट्टी लावू नका. ती वर्षभरात पिवळी पडते आणि शाई ओढते. बाजारातल्या स्वस्त प्लास्टिकच्या वह्यांत ठेवू नका, ते प्लास्टिक घाम सोडतं आणि कोकणातल्या दमट हवेत तर दोन पावसाळ्यांत नोट चिकटते. संग्रहासाठी मिळणारी कडक, स्वच्छ पॉलिएस्टरची पाकिटं घ्या. पिनेचा गंजलेला तुकडा आत राहिला असेल तर तेवढा काढा. बाकी जशी आहे तशी राहू द्या.

नोव्हेंबर २०१६ च्या नोटबंदीत मी काउंटरवर होतो. ते दिवस कसे होते ते वेगळं सांगायला नको. त्या पन्नास दिवसांत मी जेवढ्या नोटा नाकाने वाचल्या तेवढ्या आयुष्यात वाचल्या नसतील. हळदीचे डाग पडलेल्या, डांबरगोळीच्या वासाच्या, तांदळाच्या डब्यातली पांढरी भुकटी घडीत अडकलेल्या. एका आजीबाईंच्या पाचशेच्या सात नोटांना देवघरातल्या कापराचा वास होता. बाईंनी पैसे कुठे ठेवले होते ते न विचारता कळत होतं. त्या नोटा मशिनीत गेल्या आणि मग कापल्या गेल्या. त्यातली एखादी वेगळी काढून ठेवायचा मोह मला झाला, पण ते माझं काम नव्हतं. रद्द झालेल्या त्या नोटा आज अभ्यासासाठी आणि संग्रहासाठी पंचवीसपर्यंत बाळगता येतात, एरवी दहापर्यंत. २०१७ च्या कायद्यात तशी तरतूद आहे. तुमच्याकडे चुकून राहिलेली एखादी हजाराची नोट असेल तर फेकू नका. तिचा वास घ्या आणि ती कुठल्या डब्यात होती ते पाकिटावर लिहून ठेवा.

आता सरांची अर्धी नोट. त्यांच्या कुटुंबीयांनी डबा मला सोपवला तेव्हा ती तळाशी होती. मुंबई मंडलाची, एकाच बाजूला छापलेली, दहा रुपयांची. क्रमांक स्वच्छ वाचता येतो. कापलेली कड सरळ आहे, कात्री एकदाच चाललेली. तारीख दुसऱ्या अर्ध्यावर गेली आहे. मागच्या कोऱ्या बाजूला काळ्या शाईत मोडीतल्या दोन ओळी आहेत. मोडी वाचणाऱ्या एका अभ्यासक बाईंकडे मी ती नेली. त्यांनी भिंग लावून पाऊण तास पाहिलं. पहिल्या ओळीत एका माणसाचं नाव आहे, अर्धं. दुसऱ्या ओळीत 'मिती पौष शुद्ध' एवढं लागतं. तिथी आणि साल कापलेल्या कडेपलीकडे गेली आहेत.

ही अर्धी पाठवली गेली की पाठवणाऱ्याकडे राहिली, दुसरी कुठे थांबली, कुणाचे दहा रुपये अडकले, सरांकडे ती कुठून आली, यातलं काही मला ठाऊक नाही. क्रमांक मी लिहून ठेवला आहे. जिथे जिथे जुन्या नोटा विकायला येतात तिथे मी तो क्रमांक शोधतो.

बाजूच्या टेबलावर सगळ्या नोटा मांडल्या आहेत, अर्धी नोटही आहे. भिंगं चार आहेत. हात कोरडे करून या, एकेक करून.